जैतुनबीचं पांढरं फडकं

वस्तू तोंड उघडून बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. खरं-खोटं विचारायचं असेल तर उठा.

गालिचे धुणाऱ्या जैतुनबीच्या अंगणात हाती विणलेला एक जुना गालिचा आला. पांढऱ्या जमिनीवर चाळीस लाल फुलं. बिचारा घाबरला होता. "लाल रंग सुटला, तर माझी पांढरी जमीन कायमची गेली!"

"भितोस काय रे? हौदात पड, खसाखसा घासतो," राठ ब्रश म्हणाला.

जैतुनबीनं ब्रशाकडे बघितलंसुद्धा नाही. कुठल्या फुलाचा रंग सुटतो ते बघायला पांढरं फडकं भिजवून एकेका फुलावर दाबत बसली. असली बाई आता शोधून दाखवा!

"ए चिंधे, दिवस मावळला की!" ब्रश खिदळला.

अडतिसाव्या फुलावर फडकं लालभडक झालं. ते फूल कुणीतरी मागाहून कच्च्या रंगाच्या लोकरीनं भरलेलं. जैतुनबीनं गाठ गाठ उसवली, पक्क्या रंगाच्या लोकरीनं पुन्हा बांधली. उरलेली दोन फुलंही तपासली, मगच गालिचा पाण्यात घातला. जमीन दुधासारखी निघाली.

"तू मात्र जन्माचं डागाळलंस," ब्रश फडक्याला म्हणाला.

फडक्याला बोलायला सवड कुठली? दारात दुसरा गालिचा उलगडला होता आणि जैतुनबी फडक्याचं कोरं टोक भिजवत होती.