दगड आणि भोक

माणसांनी कुलपं घडवायच्याही आधीची गोष्ट. एका बाभळीखाली, बांधाच्या पोटात, उंदरांची वस्ती होती. सुगी संपली की दाणा-गोटा आत भरून ते दाराला मोठा दगड लावून घेत. मग दहा दांडगे उंदीर त्याला धडका मारत. दगड हलला नाही की म्होरक्या जाहीर करी, "वस्तीला धोका नाही."

त्या वर्षी नाकाडी नावाच्या चिचुंद्रीने वेगळंच केलं. "मी साप असते तर कुठून शिरले असते?" असं स्वतःला विचारत ती पोटावर सरपटत सगळ्या भिंती हुंगत फिरली. पिल्लं निजत तिथल्या भिंतीत बाभळीचं मूळ कुजून आरपार भोक पडलं होतं. ती धावत म्होरक्याकडे गेली.

"दादा, दगडाचं राहू द्या. आधी ते भोक बुजवा."

"इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही, ते हिलाच बरं दिसलं!" म्होरक्या भडकला. "सापासारखी सरपटते, सापासारखा विचार करते. भोकही हिनेच पाडलं असणार. हाकला हिला!"

दगड काढायला अख्खी वस्ती लागली असती. म्हणून त्यांनी तिला त्याच भोकातून बाहेर ढकललं.

बाहेर उन्हात नाग पहुडला होता. ती कुठून आली, ते त्याने नीट पाहिलं. नाकाडीने वळून आपलं एवढंसं अंग भोकात कोंबलं आणि जीव तोडून ओरडली, "पिल्लं उचला! नाग आलाय!"

आतून म्होरक्याचा आवाज आला, "तिकडे लक्ष देऊ नका रे. दगड बघा, तसूभरही हललेला नाही."