दीडशे पावलं

"चौकी दीडशे पावलांवर, चौकीत बारा पोलीस. मग माझा नागनाथदादा मेला कसा?"

मल्हारीनं हे फौजदाराला विचारलं, नगरसेवकाला विचारलं, स्मशानात लाकडं रचणाऱ्यालासुद्धा विचारलं.

अकराव्या दिवशी सकाळीच तो तालमीत शिरला आणि कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या कट्ट्यावर कागद आपटला.

"वस्ताद, सही करा. अजून पन्नास पोलीस मागितलेत. सगळ्या गल्लीनं अंगठे दिलेत."

हुसेनी वस्ताद माती चाळत होते. दोघा भावांना पहिला लंगोट त्यांनीच बांधला होता.

"चौकी झाल्यापासून फरक पडला का रे?"

"पडला की! चौकात आठवड्याला सुरे निघायचे. सहा महिन्यांत एक निघाला नाही."

"मग?"

"बोळात निघाला..."

"हं."

"म्हणून तर पन्नास! बोळाबोळाला उभे करा म्हणावं."

"खरं आहे. पोलीस हवेतच. ठेव कागद."

एवढ्या सकाळी तालमीत दोनच पैलवान आले होते. वस्तादांनी त्यांना खूण केली. दोघं भिडले. वरच्यानं खालच्याची मान काखेत धरली आणि आवळली. खालच्याचा चेहरा काळानिळा झाला. त्याचा हात मातीवर थापा मारू लागला.

वस्ताद चाळणी हलवत राहिले.

"सोडवा!" खालच्याच्या घशातून कसंबसं निघालं.

मल्हारीनं चपलांसकट हौदात उडी घेतली. वरच्याचा हात पिरगाळून त्याला बाजूला फेकला.

"रेड्या, जीव घेतोस काय त्याचा?"

वस्तादांनी चाळणी खाली ठेवली.

"चपला घालून मातीत उतरलास."

"चपला काढत बसू? मान मोडली असती त्याची!"

"मी होतो की. दहा पावलांवर. अन् वस्ताद तर मीच."

"तुम्ही उठेपर्यंत काय राहिलं असतं? अन् नियम तुमचाच ना? जो जवळ, तो..."



"...तो सोडवणार," वस्तादांनी वाक्य पुरं केलं. मग हळू आवाजात विचारलं, "नागनाथ काय ओरडला होता?"

"तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तालमीतला गडी दुसरं काय ओरडेल?"

मल्हारी मातीत उभ्याचा खाली बसला.

"जेवत होतो, वस्ताद. दादाचा आवाज वाटलाच नाही. आईशप्पथ, नाही वाटला. म्हटलं, कुणीतरी भांडतंय. चौकी आहे, बघतील ते. उठलो आणि..."

"आणि?"

"खिडकी लावली."

माती झटकत उभा राहिलेला पैलवान जागीच थिजला.

"खिडकीपासून नागनाथ किती पावलांवर होता?"

"सात."

हे उत्तर त्यानं आजवर कुणाला दिलं नव्हतं. स्वतःलाही नाही. आपल्याच तोंडून ते ऐकून तो असा दचकला, जणू मागून कुणी वार केला असावा.

वस्तादांनी कागद ओढला. अर्जाखाली सावकाश सही केली. पण कागद हातातच ठेवला.

मल्हारी उठला तो पळतच सुटला.

परत आला तेव्हा त्याच्या बोटांतून रक्त गळत होतं. खिडकीची लोखंडी कडी त्यानं नुसत्या हातांनी उपटून आणली होती. तिला चौकटीचा ढलपाही चिकटलेला होता. हौदाशी येऊन त्यानं चपला काढल्या आणि कडी कट्ट्यावर ठेवली.



मग वस्तादांनी कागद त्याच्या हातात दिला.

"आता नेऊन दे."