बसलेल्या स्प्रिंगा आणि वेळेत पोचलेलं चाक

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक भोळा गडी होता. नाव गेनू. हमीदचाचांच्या गॅरेजात कामाला. सांगितलेलं सगळं करायचा, तेवढाच काय तो दोष.

एकदा नवरदेवाची जीप आली. दरीतल्या वाडीत लग्न, दुपारचा मुहूर्त, वाट नुसती दगडधोंड्यांची. आणि जीप मागून पार टेकलेली.

चाचा म्हणाले, "गेनू, मागच्या स्प्रिंगा बसल्यात. बसलेल्या काढायच्या, नव्या बसवायच्या. घे."

गेनूनं नव्या स्प्रिंगा उचलल्या आणि मागच्या सीटवर शेजारीशेजारी बसवल्या. एकीला खिडकी दिली.

(शब्दच फसवे. मीही खिडकीच दिली असती.)

"अरे बैला! बसवायचं म्हणजे आधी दाबायचं, पट्ट्यानं आवळायचं, जागेवर ठेवायचं, मग हळूच सोडायचं. कळलं?"

"कळलं, चाचा."

चाचा स्वतःच जीपखाली शिरले. तेवढ्यात नवरदेवाची आत्या शालू सावरत आली. "झालं का? मुहूर्त चुकला तर मुलीकडचे दारातून परत पाठवतील हो!"

चाचा खालूनच ओरडले, "गेनू, आत्याबाईंना बसव!"

गेनूनं आत्याबाईंना दाबलं. पट्ट्यानं आवळलं. खुर्चीवर ठेवलं. मग हळूच सोडलं.

आत्याबाई उसळल्या. गेनूच्या कानाखाली जाळ निघाला.

"चाचा," गेनू गाल चोळत म्हणाला, "ह्यांची उसळी नव्या स्प्रिंगेपेक्षा चांगली आहे. ह्यांनाच घालू या का?"

"गाढवा! हात लावायच्या आधी मानानं विचारावं, 'चालेल का?' हो म्हटलं तरच पुढं जायचं!"

"कळलं, चाचा."

स्प्रिंगा बसल्या. चाकं चढली. "मी हात धुऊन येतो," चाचा म्हणाले. "तू ह्या चाकाचे नट तेवढे आवळ."

गेनू पाना घेऊन चाकासमोर वाकला. "आवळलं तर चालेल का?"

चाक काही बोललं नाही.

गेनूनं पाना खाली ठेवला.

जीप निघाली. नवरदेव पुढं, आत्याबाई मधे, गेनू मागं लटकलेला, आत्याबाईंच्या हातापासून लांब. जीप डौलात उसळत उतरली. वाडी दिसायला लागली, आणि मागचं चाक जीपच्या पुढं गेलं.

जीप कुशीवर बसली. आत्याबाई किंचाळल्या, "अरे, कुणीतरी वेळेत पोचा!"

चाक पळालं. त्याच्यामागं गेनू पळाला.

मांडवात अंतरपाट धरलेला. भटजींचे डोळे घड्याळावर. "आले का? पाटावर उभं करा लवकर!"

गेनूनं चाक पाटावर उभं केलं. वऱ्हाड भुकेलेलं. मंगलाष्टकं भराभर झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला.

समोर नवरी, मंजुळा. हातात हार.

गेनूनं मानानं विचारलं, "ताई, चालेल का?"

मंजुळानं चाकाकडं पाहिलं. मग लांबवर, फेटा सांभाळत लंगडत येणाऱ्या नवऱ्याकडं पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली. "हे निदान वेळेत आलं."

होकार मिळाला. गेनूनं तिचा पदर चाकाला करकचून आवळला.

नवरदेव धापा टाकत पोचला. "अरे, आणि मी?"

"तुम्ही घाटात बसलात ना, दादा?" गेनू म्हणाला. "बसलेलं काढतात, नवं बसवतात. चाचांना विचारा."