गाल टेकवायची घंटा

सावरघळच्या नवलाईदेवीची घंटा देवळाच्या छताला टांगलेली नाही. ती अंगणात, सागाच्या दोन खांबांमध्ये इतकी खाली टांगली आहे की उभ्या माणसाच्या छातीशी येते. नवखा पाहुणा आला की सवयीने लोलकाला हात घालतो, आणि नामा गुरव त्याला हलकेच थांबवतात.

"एकट्यानं न्हाई वाजवायची, पाव्हणं. एकानं टोला द्यायचा, दुसऱ्यानं गाल टेकवायचा."

मग ते पायरीवर बसून ही हकिकत सांगतात. त्यांना ती त्यांच्या आज्याने सांगितली, आज्याला त्याच्या आज्याने.

घाटातून बैलांचे तांडे चालत त्या काळी सुभाना ओतारी नावाचा एक कारागीर गावोगाव फिरत असे. बैलाच्या पाठीवर भाता, धातू वितळवायच्या मुशी आणि मेणाचे गोळे. मागून बायको गोजरा. समया, देवांच्या मूर्ती, घंटा, गाव सांगेल ते ओतून द्यायचं. साचा लिंपायचं काम गोजराचं. माती, शेण आणि भाताचं तूस ती असं मळायची की साच्याला कधी चीर पडली नाही. साचा आतून वाळला की नाही, हे ती त्याला गाल टेकवून सांगे. हाताला घट्टे पडलेत, त्यांना ओल कळत नाही, गालाला कळते, असं म्हणायची म्हणे.

एका गावी मुहूर्ताची घाई होती. गोजराने गाल लावला आणि म्हणाली, "पोटात ओल हाय. आज नगं." यजमान समोर उभे होते. बायकोच्या सांगण्यावरून थांबलो असं दिसायला नको, एवढंच सुभानाच्या मनात आलं. त्याने मूस उचलली. तापलेला रस ओल्या साच्यात गेला आणि साचा फुटला. सुभाना वाचला. गोजरा भात्यापाशी, साच्याला अगदी लागून होती. अंगावरचं भाजलेलं महिन्या-दोन महिन्यांत भरून आलं, पण कानांतला आवाज गेला तो गेलाच.

तिने त्याला कधी बोल लावला नाही, असे सांगतात. शिक्षा त्यानेच स्वतःला दिली. जे गोजराला ऐकू येणार नाही ते माझ्या हातून ओतलं जाणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. त्यानंतर त्याने घंटा ओतली नाही, टाळ ओतले नाहीत, बैलाच्या गळ्यातलं घुंगरूसुद्धा ओतलं नाही. घरातलं बोलणं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर चाले. ती मात्र मोठ्याने बोलायची, कारण आपला आवाज किती चढलाय हे तिला कळत नसे.

अशी सात-आठ वर्षं गेली आणि बैल सावरघळला येऊन थांबला. त्या वर्षी घाटात धुकं फार दाट पडत होतं. भागू नावाच्या बाईचा नवरा पहाटे वाट चुकून दरीत गेला होता. धुक्यात दिवा दिसत नाही, आवाज तेवढा येतो, म्हणून हैबतराव पाटलांनी घरोघरची फुटकी तांब्या-कथलाची भांडी गोळा करून ठेवली होती.

"देवीला घंटा ओतून दे," पाटील म्हणाले.

"समई सांगा, मूर्त सांगा. घंटा न्हाई जमायची, पाटील."

गोजराने दोघांचे ओठ पाहिले. पाटलांमागे उभी असलेली, पांढऱ्या कपाळाची भागूही पाहिली. मग तिने नवऱ्याचा दंड धरला.

"माझ्या कानांसाठी हिच्यावानी आणखी कुणाचा नवरा जायचा का?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की देवळातली माणसं बाहेर आली. "तुमची शपथ तुम्ही घेतली. मला कुणी इचारलं? घंटा वता, धनी."

सुभानाने मान खाली घातली आणि भट्टी लावली.

साचा उभा राहिला. मेण वितळून गेलं, आत घंटेच्या आकाराची पोकळी राहिली. भटजींनी पौर्णिमेचा मुहूर्त काढून दिला होता. सकाळी सगळा गाव जमला, मुशीत रस लाल होऊन डुलत होता. गोजरा वाकली, निवत आलेल्या साच्याला गाल लावला आणि उठून उभी राहिली.

"ओल हाय."

सुभानाने मूस उचलायची पकड हातात घेतली होती. तीच वेळ, तशीच माणसं.

"मुहूर्त टळला तर पुन्हा गावात पाऊल ठेवू नका," पाटील गरजले. "देवीशी खेळ न्हाई."

"मुहूर्त देवीचा, साचा गोजराचा," सुभाना म्हणाला. "ती हो म्हणंल तवा वतंन. मग गावाबाहेर काढा." आणि त्याने पकड खाली ठेवली.

लोक बडबडत घरी गेले. सुभाना आणि गोजरा साच्याभोवती शेणी रचत, विझवत, पुन्हा पेटवत राहिले. एक आठवडा गेला, दुसरा सरत आला. गोजरा रोज गाल लावी, रोज मान हलवी. शेवटी एका दुपारी तिने गाल लावला आणि तशीच हसली. नेमकी अमावास्या होती. गावातलं एकही माणूस पुढे येईना.

भागू तेवढी आली. पदर खोचून भात्याशी बसली आणि म्हणाली, "माझं आता काय वाईट व्हायचं राहिलंय?"

तिघांनी मिळून घंटा ओतली. रस साच्याच्या तोंडापर्यंत भरून आला. फुटणं राहिलं दूर, बुडबुडादेखील उठला नाही.

साचा फोडून घंटा घासली, आणि ती अखंड निघालेली पाहून पाटीलच उचलायला पुढे आले. देवळाच्या उंच तुळईला ती टांगली, पाटलांनी पहिला टोला दिला, आणि आवाज दरी ओलांडून पलीकडच्या कड्याला लागून परत आला. भागू रडली. सुभाना घंटेकडे पाहतच नव्हता. तो गोजराकडे पाहत होता. ती माणसांचे चेहरे वाचून हसत होती, आणि ते हसू त्याला सोसवेना.

"खाली घ्या," तो म्हणाला. "घंटा खाली घ्या."

कुणाला काही कळेना, तरी दोर सोडले. घंटा छातीशी येईल इतकी खाली आली. त्याने गोजराला हाताला धरून जवळ नेलं. साच्याला लावायची तसा तिने घंटेला गाल लावला, आणि त्याने टोला दिला.

गोजराने डोळे मिटले. आवाज हळूहळू विरला. झाडावरची पाखरंही पुन्हा बोलू लागली. सुभानाने तिच्या खांद्याला हात लावला, तशी तिने तो बाजूला सारला.

"थांबा की! तुमचा सरला असंल. माझा अजून चाललाय."

सगळा गाव तसाच उभा राहिला म्हणे, ती गाल उचलेपर्यंत. पुन्हा घंटा वर चढवायची गोष्ट कुणी काढली नाही. पाटलांनीच सागाचे खांब रोवून घेतले. सुभाना आणि गोजरा सावरघळलाच राहिले, आणि पुढे त्याने टाळही ओतले, घुंगरंही ओतली. एकेक तिच्या गालाला लावून मगच गिऱ्हाइकाच्या हाती दिलं.

आजही घाटात धुकं उतरलं की गावातली दोन माणसं अंगणात येतात. एक टोला देतो, दुसरा गाल टेकवतो, आणि गालाला लागणारा नाद सरून त्याने हात वर केल्याखेरीज पुढचा टोला पडत नाही. म्हणून ही घंटा फार सावकाश वाजते. घाटातले ड्रायव्हर त्या संथपणावरूनच ओळखतात की सावरघळ आलं, आणि गाडी हळू घेतात.