गंगव्वाचं धाबं

टेप जरा गुंडाळा, मॅडम. साहेब, तुम्हीही बसा त्या दगडावर. मापं घ्यायला अख्खा दिवस पडलाय. काय मोजताय ते तरी आधी ऐका.

हा समोर पांढऱ्या मातीचा ढीग दिसतोय ना, याला आमच्या सावरटाकळीत गंगव्वाचं धाबं म्हणतात. चहूकडं काळं रान आणि मधेच हे पांढरं, दोन पुरुष उंच. कितीही पाऊस झाला तरी ही माती वाहून जात नाही, असं सांगतात. जाईल कशी? गावात कुणी घर बांधायला घेतलं की आधी टोपलीभर पांढरी माती इथं आणून ओततो, मगच स्वतःच्या छताला हात लावतो. सात पिढ्यांची रीत आहे म्हणे. मी सखाहरी पाटील, त्यातल्या सातव्या पिढीचा.

त्या काळी गावाला पाणी नव्हतं. बाया दोन कोस चालून नदीवर जायच्या. अशात कानडी मुलखाकडून भिमप्पा नावाचा दगडफोड्या आला, बरोबर बायको गंगव्वा. दोघांनी मिळून गावची विहीर खोदली. पहार त्याची, टोपलं तिचं. तीन वर्षं लागली. पाणी लागलं त्या दिवशी गावानं गूळ वाटला, गंगव्वाला लुगडं नेसवलं, ओटी भरली. गाव वाईट नव्हतं हो. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलं की तुम्हाला तसं वाटेल.

तिला तेव्हा दिवस गेले होते. तिनं पाटलाच्या दारात येऊन एकच मागितलं. "तीन वर्सं पालात काढली, मालक. बाळ पालात नगं. घर बांधू द्या."

पाटील म्हणजे रंभाजी, आमचाच पूर्वज. पारावर चार जाणती माणसं बसली. आज जागा देऊ, उद्या मान मागतील, परवा यांचे भाऊबंद येतील, गाव गाव राहणार नाही, असं बोलणं झालं. पण विहिरीचं पाणी सगळ्यांच्या पोटात होतं, सरळ नाही म्हणवेना. मग गावाबाहेर माळावर ही जागा दिली. दगड दोघांनीच फोडले, भिंती दोघांनीच रचल्या. बाभळीच्या तुळया टाकल्या, वर तुराट्या अंथरल्या. आता फक्त माती राहिली.

मातीचं तुम्हाला सांगायला पाहिजे, तुम्ही स्लॅबखाली वाढलेली माणसं. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, त्या घराचा जीव वरच्या मातीत असतो. पांढरी माती पाणी खाली उतरू देत नाही. काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते आणि धोंड्यासारखी जड होते. आमच्याकडं शेंबडं पोरही हे जाणतं. आणि पांढरी माती मिळायची एकाच ठिकाणी, गावच्या जुन्या गढीखाली.

ती माती गावानं दिली नाही. गढीची माती वेशीबाहेर गेली तर गाव उठतं, असा समज होता. रंभाजीनं पोतंभर जोंधळे दिले, दुभती शेळी दिली, बाळंतपणाला सुईण पाठवली. माती दिली नाही. गंगव्वा तीनदा रिकामं टोपलं घेऊन गढीपाशी आली आणि तीनदा तशीच परत गेली. तिसऱ्यांदा जाताना म्हणाली म्हणे, "आमी काढलेलं पाणी चालतं, मालक. मग माती का न्हाई?" रंभाजीनं मान खाली घातली. रीत मोडायची त्याची छाती नव्हती.

शेवटी भिमप्पानं काळीच माती चढवली. करतो काय?

पोरगी झाली. नऊ दिवसांची होती तेव्हा हस्ताचा पाऊस लागला. तीन दिवस खळ नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी विहिरीची एक बाजू खचायला लागली म्हणून गावानं भिमप्पाला हाक मारली. तो बायकोला म्हणाला, आलोच. दिवस मावळेपर्यंत तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दगड लावत होता. विहीर वाचली. ती आजही आहे, तुम्ही मघाशी पाणी प्यालात ते तिचंच. आणि तेवढ्या वेळात इकडं धाबं खाली आलं. गंगव्वा पोरीवर ओणवी झालेली सापडली. दोघीही गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, पोरीचं नाव ठेवायचं राहूनच गेलं.

मग गाव धावलं. रंभाजी पाटलानं जन्मात कधी टोपलं उचललं नव्हतं, त्यानं गढीची पांढरी माती स्वतःच्या डोक्यावरून आणून पडल्या घरावर ओतली. मागं सगळं गाव, बाया, म्हातारी, ज्याच्या हाती जे सापडलं त्यात माती घेऊन. जी एक टोपली मागून मिळाली नाही, तिच्या शंभर आल्या. भिमप्पा बाजूला उभा होता. तो एवढंच बोलला, "आता कशाला? आता तिला पाऊस लागत न्हाई." आणि पहार खांद्यावर टाकून निघून गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही.

रंभाजीनं तिथंच शपथ घातली की या गावात कुणाच्याही डोक्यावर छत चढेल ते आधी गंगव्वाला माती घालून. तो स्वतः त्यानंतर छताखाली निजला नाही, अंगणातच पडायचा. त्याच हिवाळ्यात गेला म्हणे.

आता तुमचं काम. गेल्या महिन्यात ग्रामसभा झाली. अकरा घरकुलं मंजूर आहेत, जागा नाही. ती अकरा कुटुंबं वीस वर्षं ओढ्याकाठी ताडपत्रीखाली राहतात, आमच्याच रानात राबतात. गायरान म्हणून हीच जागा निघाली. गाव एका तोंडानं बोललं, तिथं गंगव्वा आहे, देवस्थान आहे, तिथं वस्ती नको. सगळे हात वर गेले. माझाही गेला. नंतर घरी येऊन मी पोटभर जेवलोसुद्धा. बघा, रंभाजीला निदान छताखाली झोप तरी लागली नव्हती.

म्हणून म्हणतो, मॅडम, मोजा. पण कागदावर देवस्थान लिहू नका. पडलेलं घर लिहा, म्हणजे जागा घरकुलांना मोकळी राहील. पंच म्हणून मी सही करतो. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे.

गावात सगळी स्लॅबची घरं झाली. मातीचं काम कुणाला उरलं नाही, गढीवर कुणी कुणाला अडवत नाही. तरी आजही टोपल्या येतात. काल ओढ्याकाठची चंद्रकला आली होती. तिचं तर घरच नाही, पण तीही दरसाल आणते. टोपली ओतली, ढिगाला हात जोडले. मी इथंच मातीला पाठ टेकून बसलो होतो. विचारलं, काय मागितलंस, बाई?

"घर मागितलं, आबा," ती म्हणाली. "गंगव्वाला कळंल ना."