थंड कपाळांची कंपनी

घाटाच्या पायथ्याशी, हमरस्त्याला लागून एक गाव होतं. त्या गावात सोपान लंघे नावाचा एक माणूस ट्रकची कंपनी चालवायचा. लोक त्याला सोपानशेठ म्हणत. दहा-अकरा ट्रक, तेवढेच ड्रायव्हर, माल चढवणारे-उतरवणारे काही हमाल आणि बुकिंगच्या टेबलावर बसणाऱ्या विजयाताई पोळ, एवढा त्याचा पसारा.

या कंपनीत सगळ्यात मोठा मान होता नंबरला. जो ट्रक माल उतरवून आधी आवारात परत येईल, त्याचा नंबर पहिला. पुढचा माल त्यालाच मिळणार. नंतर येईल तो त्याच्या मागे. ड्रायव्हरला पगार थोडा आणि भत्ता फेरीवर, त्यामुळे नंबर म्हणजे घरची चूलच. एकदा शेठच्या सख्ख्या मेहुण्याने नंबर मोडून गाडी पुढे घातली. शेठने ती सगळ्यांसमोर मागे घ्यायला लावली. त्यापायी बायकोने कितीतरी दिवस अबोला धरला, पण नंबर हलला नाही. आपल्याकडे माणूस बघून माल मिळत नाही, नंबर बघून मिळतो, असं शेठ अभिमानाने सांगायचा. आणि ते खरंही होतं.

मग साथ आली.

दुकानं बंद झाली, शाळा बंद झाल्या, देवळंही बंद झाली. ट्रक मात्र बंद ठेवता येईनात. धान्य, दूध, औषधं ट्रकशिवाय येणार कुठून? सकाळी हुकूम यायचा की गाड्या सोडा. दुपारी नाक्यावरचा पोलीस म्हणायचा की गाड्या अडवा. एकजण सांगायचा, रोग हवेतून येतो. दुसरा सांगायचा, छे, नोटांतून येतो. तिसरा म्हणायचा, भाजीतून. शेठच्या घरी मेथीची जुडी साबणाने धुतली गेली आणि त्या दिवशी सगळ्यांनी चटणी-भाकर खाल्ली. फोनवर येणारा प्रत्येक निरोप आधीच्या निरोपाला खोटं पाडायचा. शेठचं डोकं भणाणून गेलं. नेमकं काय करावं ते कळेना, म्हणून कानावर येईल ते सगळं त्याने केलं.

टायरांवर औषध फवारलं. मग ड्रायव्हरांवरही फवारलं. तेव्हा गफूरभाई नावाचा जुना ड्रायव्हर डोळे चोळत म्हणाला, "शेठ, आम्ही काय कपाशी आहोत का?" ते फवारणं तिथेच थांबलं. विजयाताईंच्या टेबलाभोवती प्लास्टिकचा पडदा लावला. पडद्यातून बोलणं ऐकू जाईना, म्हणून जो तो पडद्याला तोंड लावून बोलू लागला. काढ्याचं पातेलं ठेवलं, पण पेला एकच ठेवला. ते लक्षात येईपर्यंत सगळ्यांचा काढा पिऊन झाला होता. मास्क वाटले. ड्रायव्हर ते गळ्यात घालत आणि पोलीस दिसला की नाकावर ओढत. रस्त्यावरचे ढाबे बंद होते, म्हणून शेठने प्रत्येक केबिनमध्ये स्टोव्ह आणि डाळ-तांदूळ ठेवले. हे मात्र बरं केलं.

सोपानशेठ वाईट माणूस नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. तो सगळं मनापासून करत होता. पण मनापासून केलेली गोष्ट बरोबर असतेच असं नाही, आणि माणसं घाईत असली की एवढं साधंही त्यांच्या लक्षात येत नाही.

शेवटी त्याने ताप मोजायचं मशीन आणलं. ते पिस्तुलासारखं कपाळापुढे धरायचं आणि चाप ओढायचा, की आकडा दिसतो. नियम ठरला. फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाचं कपाळ तपासायचं. ज्याला ताप असेल, त्याने घरी जायचं आणि बरं होईपर्यंत यायचं नाही. विजयाताईंनी पडद्याआडून विचारलं, की घरी गेलेल्याच्या नंबरचं काय करायचं?

शेठने विचार केला. फार नाही, थोडाच केला.

"नंबर मागे जाणार," तो म्हणाला. "आजाऱ्याचा नंबर राखून ठेवला, तर उद्या अख्ख्या कंपनीला ताप येईल."

सगळे हसले. शेठही हसला. आपण न्यायच केला, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून फाटकावर नवल घडू लागलं. कोणालाच ताप निघेना. ड्रायव्हर, हमाल, सगळ्यांची कपाळं गार. भर उन्हातून आलेल्या माणसाचं कपाळही माठासारखं गार. आजूबाजूच्या गावांत माणसं आजारी पडत होती. इथेही कधीकधी ट्रकमागून खोकल्याचा आवाज यायचा. शेठ वळून बघायचा, तर कोणीतरी बोनेट उघडून इंजिनात डोकं घातलेलं असायचं. त्याने मशीनचे सेल बदलले. कपाळं गारच. त्याला काही उमगेना. पण वाईट बातमी माणूस दहादा तपासून घेतो आणि चांगली बातमी तशीच उचलतो. शेठ पाव्हण्यारावळ्यांना फोन करून सांगू लागला, की आपल्याइतकी सुखरूप कंपनी जिल्ह्यात शोधून सापडायची नाही.

अशातच पहिला नंबर लहानू आव्हाडचा लागला. लहानू म्हणजे आवारातला सगळ्यात बोलका माणूस. त्या सकाळी तो बोलत नव्हता, पण मास्कमुळे ते कोणाला जाणवलं नाही. फाटकावर कपाळ गार निघालं. औषधांची खोकी भरून तो निघाला. घाट अर्धा चढून झाला आणि त्याला श्वास पुरेना. त्याने कसाबसा ट्रक कडेला घेतला, ब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागचा नंबर गफूरभाईचा होता म्हणून बरं. त्याने लहानूची गाडी ओळखली, लहानूला ओढून आपल्या केबिनमध्ये घेतलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, हा ताप आजचा नाही, बऱ्याच दिवसांचा अंगात मुरलेला आहे.

शेठ चक्रावला. सकाळी गार असलेला माणूस दुपारी मरायला कसा टेकतो? त्याने गफूरभाईला विचारलं, हमालांना विचारलं, मशीन खोटं बोलतं की काय, असंही विचारलं. गफूरभाई मास्कची दोरी नीट करू लागला. हमाल आभाळाकडे बघू लागले. 

संध्याकाळी लहानूचाच फोन आला. नाकातोंडावरचा ऑक्सिजन बाजूला करून तो बोलत होता. घरचा काही निरोप असेल, असं शेठला वाटलं. लहानूला दोन मुली होत्या.

"शेठ," लहानू म्हणाला, आणि थांबला. पुन्हा दम घेतला. "नंबर... गेला का माझा?"

 तेवढ्यात तिकडे नर्सने लहानूच्या हातातून फोन काढून घेतला. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस श्वासाचं सोडून नंबरचं का विचारतो? हा प्रश्न शेठच्या डोक्यातून जाईना.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी ऑफिसात येऊन बसला. सगळा घोळ मशीनचाच आहे, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. त्याने मशीन माठापुढे धरलं. भिंतीपुढे धरलं. उन्हातल्या टायरापुढे धरलं. मशीन सगळीकडे बरोबर आकडा दाखवत होतं. मग त्याने ते स्वतःच्या कपाळापुढे धरलं.

एकशे एक.

त्याने पुन्हा धरलं. तेवढंच. कालपासून अंग मोडून आलं होतं, ते काळजीने असेल, असं त्याला वाटलं होतं.

आता करायचं काय? त्या दिवशी औषधांच्या एका बड्या कंपनीचा माणूस भेटायला येणार होता. बोलणं जमलं, तर वर्षभर सगळ्या ट्रकना काम मिळणार होतं. मालकालाच ताप आहे म्हटल्यावर तो माणूस गाडीतून पायही खाली ठेवणार नव्हता.

पुढचं शेठने विचार करून केलं नाही. त्याचा हात आपसूक माठाकडे गेला. खांद्यावरचा पंचा त्याने भिजवला, पिळला, कपाळावर दाबून धरला आणि मशीन पुन्हा लावलं.

पंच्याण्णव.

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. बाहेर टाकीचा नळ वाहत होता. त्याने खिडकीतून पाहिलं. ड्रायव्हर एकेक करून नळाखाली डोकं धरत होते आणि मग फाटकाकडे जात होते. हे तो रोज बघत होता. रोज त्याला वाटायचं, पोरं बिचारी स्वच्छता किती पाळतात.

तो खुर्चीत बसला. खरं सांगितलं, तर काम जाणार. नाही सांगितलं, तर तो त्या पाहुण्यासमोर बसणार, विजयाताईंशी बोलणार, सगळ्यांमध्ये वावरणार. आणि खोटं बोलायला त्याच्याकडे कारणही चांगलं होतं. कामावर सगळ्यांची घरं चालतात. लहानूकडेही चांगलंच कारण होतं. दोन मुली. ज्याच्या त्याच्याकडे चांगलं कारण, आणि त्या चांगल्या कारणांनीच एक माणूस घाटात पालथा पडला. शेठला काय खरं, काय खोटं तेच कळेना. कळलं ते एवढंच, की आपण या खुर्चीत जितका वेळ बसू, तितकं बाहेर जाणं अवघड होईल.

तो उठला. ओला पंचा हातात घेऊन आवारात गेला आणि सगळ्यांपासून लांब, फाटकापाशी उभा राहिला.

"मला ताप आहे," तो म्हणाला. "आणि हा पंचा लावून मीही आत्ता मशीनला फसवलं. एकदाच केलं, पण केलं."

 मग गफूरभाई म्हणाला, "एकदाच? मग शेठ, तुम्ही अजून शिकाऊ आहात."

हसावं की नाही, कोणाला कळेना. एका हमालाला हसू आवरलं नाही. हसता हसता त्याला खोकला लागला, आणि तो त्याला लपवता येईना. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"खोका," शेठ म्हणाला. "लपवू नका. चूक माझी आहे. खरं बोलेल त्याचा मी नंबर कापत होतो, मग खरं बोलणार कोण? आजपासून आजाऱ्याचा नंबर जिथल्या तिथे राहील आणि भत्ता त्याच्या घरी पोचेल. पहिला नंबर लहानूचा. तो येईपर्यंत त्याचाच."

मागून कोणीतरी टोमणा मारला, "आणि उद्या अख्ख्या कंपनीला ताप आला म्हणजे?"

"आलेलाच आहे," शेठ म्हणाला.

 मग तो खोकणारा हमाल रांगेतून बाजूला झाला. एक ड्रायव्हर बाजूला झाला, मग आणखी दोघे. गफूरभाईने डोक्याला गुंडाळलेलं ओलं फडकं सोडलं, पिळलं आणि तोही बाजूला गेला. विजयाताई पडद्याआडून बाहेर आल्या. घरी सासूबाई केव्हाच्या खोकताहेत, पगार कापला जाईल म्हणून बोलले नाही, असं त्यांनी सांगितलं. मशीन कोणी हातातही घेतलं नव्हतं.

थोड्या वेळाने तो बडा पाहुणा आला. शेठने लांबूनच आपल्याला ताप असल्याचं त्याला सांगितलं. पाहुण्याने गाडीची काच वर केली आणि तो गाडी वळवून निघून गेला. ते काम दुसऱ्या कंपनीला मिळालं. अर्धे ट्रक आवारात उभे राहिले. भत्ते पुरे करण्यासाठी शेठला त्यातला एक विकावा लागला. खऱ्याला बक्षीस मिळतं असं जे म्हणतात, ते निदान त्या वेळी तरी खरं झालं नाही.

हुकूम तर पुढेही रोज बदलतच राहिले. रोग नेमका कशातून येतो, हे शेठला बरं झाल्यावरही नीट समजलं नाही. पण एक फरक पडला. मशीन आता ताप दाखवू लागलं. आज या ड्रायव्हरचा, परवा त्या हमालाचा. सुरुवातीला शेठला ते बघून धडकी भरायची, मग हायसं वाटू लागलं. ताप आलेला माणूस आता पहिल्याच दिवशी घरी जात होता. त्याचा रोग शेजारच्या केबिनपर्यंत पोचत नव्हता.

लहानू दवाखान्यातून घरी आला तेव्हा अगदी काठीसारखा झाला होता. चार पावलं टाकली की त्याला धाप लागायची. शेठ त्याला भेटायला गेला आणि अंगणातच उभा राहिला. तुझा नंबर पहिलाच आहे, बाकीचे तुझी गाडी सोडून पुढचे नंबर लावतात, असं त्याने सांगितलं.

लहानूला ते खरं वाटेना. त्याने शेठला दोनदा विचारून घेतलं. मग उंबऱ्यावर बसला आणि भिंतीला पाठ टेकली.

"मग आता सावकाश बरा होतो, शेठ," तो म्हणाला.

तात्पर्य: जिथे खरं बोलणाऱ्याच्या पोटावर पाय येतो, तिथे आजार आधी लपतो आणि मग पसरतो. माणसं वाचवायची असतील, तर आधी त्यांना खरं बोलणं परवडलं पाहिजे.