एका दोरातली गलबतं

फार जुन्या काळी, माल शिडांच्या गलबतांतून आणि बैलांच्या पाठीवरून फिरत असे तेव्हा, समुद्रकाठच्या एका बंदरात एक पेढीवाला राहत होता. गावातले लोक आपली शिल्लक त्याच्याकडे आणून ठेवत. तो ती व्यापारात लावी आणि वर्षाकाठी होणारा नफा ज्याचा त्याला देई. माणूस सरळ होता. कुणाच्या एका पैशालाही त्यानं कधी हात लावला नाही. लबाड माणसानं गाव बुडवलं तर शिव्या देऊन मोकळं होता येतं. इथं तीही सोय नाही, म्हणून ही गोष्ट सांगताना मला जड जातं.

पेढीची एक रीत त्याच्या वडिलांपासून चालत आली होती. आलेल्या पुंजीतली निम्मी गलबतांच्या व्यापारात आणि निम्मी घाटावर जाणाऱ्या बैलांच्या तांड्यांत लावायची. गलबतं नारळ-सुपारी घेऊन दूरच्या बंदरांना जात आणि भरपूर कमावून आणत. बैल मीठ घेऊन घाट चढत आणि धान्य, गूळ घेऊन उतरत. त्यात कमाई बेताचीच. पण ज्या वर्षी समुद्र रुसे, त्या वर्षी बाहेरचा माल बंदरात येत नसे आणि बैलांच्या पाठीवरच्या मालाला सोन्याचा भाव येई. एक हात रिकामा राहिला तर दुसऱ्या हातात काहीतरी असायचंच.

पेढीवर ठेव ठेवणाऱ्यांत खाडीपलीकडच्या वाडीतली एक म्हातारी होती. ती मासे धरायची जाळी विणत असे. नवरा कधीच गेलेला. घरात एकच मुलगी, गोजरा. गोजरा वयानं मोठी झाली होती, पण तिची समज लहान मुलीइतकीच राहिली. चूल पेटवायला घेतली तर पदर पेटवून घेईल, बाजारात पाठवली तर पिशवी कुणालाही देऊन हसत घरी येईल, अशी. म्हातारी जाळी विणून मिळालेल्यातलं दोन वेळच्या जेवणापुरतं ठेवी आणि उरलेलं पेढीवर आणून देई.

पहिल्यांदा ठेव ठेवायला आली तेव्हाच ती म्हणाली होती, "शेठ, मला नथ नको, पाटल्या नकोत. मी डोळे मिटल्यावर हिला कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये, एवढं बघा."

"निश्चिंत राहा, आजी," पेढीवाला म्हणाला. आणि खरंच, ती निश्चिंत राहिली.

पुढे लागोपाठ काही वर्षं समुद्र फार चांगला गेला. गलबतं जात, भरून येत, परत जात. शेजारच्या बंदरातल्या पेढीनं बैलांचा नाद सोडून सगळी पुंजी गलबतांवर लावली आणि तिथल्या लोकांच्या घरांवर कौलं चढली. माणसाचं असंच असतं. स्वतःच्या ताटातला भात गरम आहे की गार, हे बघायचं सोडून शेजारच्या पानात काय वाढलंय, तिकडेच त्याची मान वळते.

वैशाखात गलबतं परतली की पेढीच्या ओटीवर सगळे जमत आणि नफा वाटला जाई. त्या वर्षी वाटप झालं, पण कुणी उठेना.

सोनार म्हणाला, "शेठ, राग मानू नका. पलीकडच्या पेढीनं आपल्या दुप्पट दिलं. आमची निम्मी पुंजी तुम्ही बैलांच्या पाठीवर का कुजवता?"

तेली म्हणाला, "माझी बायको रोज विचारते. काय सांगू तिला? आमचे शेठ बैलांवर प्रेम करतात म्हणून?"

सगळे हसले. पेढीवालाही हसला. "समुद्राचा काही नेम नाही," तो म्हणाला. "वडील सांगायचे..."

"वडिलांच्या वेळची गलबतं वेगळी, आताची वेगळी," सोनार म्हणाला. "तुम्हाला भीती वाटत असेल तर स्पष्ट सांगा. आम्ही पलीकडच्या पेढीवर जातो."

लोक उठून गेले तर पेढी उरणार नव्हती. म्हातारीही ओटीच्या कडेला बसली होती. तिनं काहीच मागितलं नाही, म्हणून तिचं मत कुणी विचारलंही नाही. गोजरा तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

त्या रात्री जेवताना पेढीवाला बायकोला म्हणाला, "ठरवलं. यंदा सगळं गलबतांवर. पण मी काही खुळा नाही. एकाच गलबतात नाही घालणार. बंदरात सात गलबतं आहेत, सातांत सारखं वाटून टाकीन. एखादं बुडालं तरी सहा आहेतच."

बायको वाढता वाढता थांबली. "सातही एकदमच निघतात ना?"

"एकदम निघतात म्हणून तर चाचे जवळ फिरकत नाहीत. त्यात धोका कसला?"

"आणि त्या जाळीवाल्या आजींचंही सगळं त्यातच?"

"सगळ्यांचं तसंच तिचं. पेढीवर कुणी लाडका नाही, कुणी दोडका नाही."

त्याला वाटलं, आपण फार न्यायाचं बोललो. बायकोच्या मनात काहीतरी खुपत होतं, पण ते काय ते तिला नीट सांगता आलं नाही, आणि त्याला ऐकायची घाई नव्हती.

नारळी पौर्णिमा झाली. दर्याला नारळ वाहिले गेले आणि थोड्या दिवसांनी वारा अनुकूल होताच सातही गलबतं शिडं उभारून निघाली. किनाऱ्यावर सगळं गाव लोटलं होतं. गोजरा टाळ्या पिटत होती. म्हातारीनं तिला खांद्याला धरून दाखवलं, "ती बघ, तुझी गलबतं." गोजरानं विचारलं, "सगळी माझी?" म्हातारी म्हणाली, "प्रत्येकात थोडं थोडं तुझं."

त्या बंदराच्या खलाशांची एक रीत होती. मुक्कामाला नांगर टाकला की सातही गलबतं जाड दोरांनी एकमेकांना बांधून टाकायची. अंधारात कुणी भरकटू नये, चाच्यांनी एकटं गाठून कुणाला लुटू नये, म्हणून. पिढ्यान् पिढ्या त्या दोरांनी त्यांना सांभाळलं होतं. दोर जितका पक्का, तितकी खलाशांना झोप गाढ.

परतीच्या वाटेवर वादळ आलं. गलबतं एका खडकाळ कोपऱ्यात आडोशाला उभी होती, नेहमीसारखी बांधलेली. टोकाच्या गलबताचा नांगर तुटला आणि ते खडकांकडे ओढलं गेलं. त्यानं दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दोर तोडायला माणसं कोयते घेऊन धावली, पण ओले दोर तुटेनात. फळीला धरून वाचलेला एक खलाशी पुढे गावात आला, त्यानं हे सांगितलं. ज्यांची माणसं गेली त्या घरांतून रडणं सुरू झालं. पुंजीची गोष्ट काढायला त्या दिवशी कुणाची जीभ वळली नाही.

मग ती गोष्टही निघाली. सोनार आला, हवं तसं बोलून गेला. तेली आला, रडून गेला. बैलांना कुणी हसलं होतं, याची आता कुणालाच आठवण नव्हती. पेढीवाल्यानं एका शब्दानंही त्यांना ती करून दिली नाही. त्यानं घर विकलं, बायकोनं अंगावरचे दागिने उतरवून दिले, आणि जे आलं ते त्यानं सगळ्यांना सारख्या हिश्श्यानं वाटलं. तेव्हाही त्याला तेच न्यायाचं वाटलं.

सोनाराचं दुकान होतं, तेल्याचा घाणा होता. हळहळले, पण एक-दोन हंगामांत सावरले. म्हातारीच्या वाट्याला मूठभर आलं. ते घेऊन पेढीवाला स्वतः खाडी ओलांडून तिच्या झोपडीत गेला. गोजरा बाहेर शिंपले मांडून खेळत होती.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही, कपाळ बडवून घेतलं नाही. हातातली जाळ्याची गाठ पुरी केली आणि मग विचारलं, "म्हणजे आता मला अजून किती वर्षं जगायला लागेल, शेठ?"

पेढीवाल्यानं आणलेले पैसे तिच्याजवळ ठेवले. बुडालेल्या पुंजीचा सगळ्यांना सारखाच वाटा आला होता, पण बुडाल्याचं दुःख काही सारखं वाटलं गेलं नव्हतं. हे त्याला त्या झोपडीत कळलं, आणि कळून आता काही उपयोग नव्हता.

तो बैलांच्या एका तांड्यात हमाल म्हणून राहिला. मिळेल त्यातलं थोडं म्हातारीला पाठवू लागला. म्हातारीनं मात्र जाळी सोडली नाही. डोळे गेले तरी बोटांनी गाठी चाचपून ती विणत राहिली. गोजरासाठी तिला जितकं जगायचं होतं तितकं काही जगता आलं नाही. एका थंडीत ती गेली.

निरोप पोचला तेव्हा पेढीवाला घाटात होता. तो धावत खाली आला. बायकोनं दारातूनच सांगितलं, "आधी गोजराला घेऊन या. बाकीचं आपण बघू." आता घर म्हणजे भाड्याची एक खोली होती, आणि तिथं दोघांचंच जेमतेम भागत होतं.

गोजरा झोपडीच्या उंबऱ्यावर बसली होती. शेजारणीनं तिचे केस विंचरून दिले होते. पेढीवाल्याला बघताच ती आनंदानं उठून उभी राहिली.

"गलबतं आली?" तिनं विचारलं.

पेढीवाला जागच्या जागी थांबला. इतकी वर्षं म्हातारीनं तिला काही सांगितलंच नव्हतं. वाडीतल्या कुणीही सांगितलं नव्हतं.

"नाही गं," तो कसाबसा म्हणाला. "नाही आली."

गोजरानं त्याचा चेहरा पाहिला. तिला वाटलं, त्याला वाईट वाटतंय. तिनं जवळ येऊन त्याचा हात धरला आणि म्हणाली, "रडू नका. येतील. आई म्हणायची, शेठ फार जपून काम करतात, म्हणून वेळ लागतो."

पेढीवाल्यानं तिचं गाठोडं उचललं. तिचा हात हातात घेऊन तो होडीकडे चालू लागला, आणि वाटभर ती त्याला गलबतं आल्यावर काय काय घ्यायचं ते सांगत राहिली.

तात्पर्य: एकाच वाऱ्यानं बुडू शकणारी सात गलबतं म्हणजे सात ठिकाणं नव्हेत, ते एकच ठिकाण असतं. आणि दुसऱ्याची पुंजी सांभाळणाऱ्यानं, ती किती वाढेल हे विचारण्याआधी, ती गेली तर या माणसाचं काय होईल हे विचारावं.